दिवा लागला म्हणजे लॉक लागला का?

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "कंट्रोल नेमका कशासाठी?" व्याख्या तर सगळ्यांनाच पाठ असते. ती आज बाजूला ठेवू आणि एका गाडीखाली डोकावू.

माझ्या मित्रानं त्याच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या मागच्या अॅक्सलला हवेच्या दाबावर चालणारा डिफरन्शियल लॉक बसवून घेतला. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतली. बटण दाबलं, दिवा लागला, तरी एक चाक गरागरा फिरतंय आणि दुसरं ढिम्म! शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. "अरे, पण दिवा लागला होता," हे त्याचं पालुपद अजून चालू आहे.

थोडं तंत्र समजून घेऊ. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो. टॉर्क मात्र दोघांना जवळपास सारखाच मिळतो. चिखलातलं चाक अगदी कमी टॉर्कवर फिरतं, त्यामुळे दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. लॉक लागला की दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात आणि ज्याची पकड आहे ते गाडी ओढून काढतं.

मग तो दिवा काय सांगत होता? स्विच चालू आहे, एवढंच. व्हॉल्व्ह उघडला का, हवा आतपर्यंत पोचली का, दात अडकले का, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. काही गाड्यांत दिवा आतल्या सेन्सरला जोडलेला असतो. त्याच्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

आम्ही केलेली चाचणी अशी. सपाट, कडक जमीन. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावली, मागची दोन्ही चाकं उचलून अॅक्सल स्टँडवर टेकवला (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही). इंजिन बंद, टू-व्हील-ड्राइव्ह, पहिला गिअर, हँडब्रेक सोडलेला.

आधी लॉक बंद ठेवून एक चाक हातानं फिरवलं. दुसरं उलट्या दिशेनं फिरलं. हाच आपला कंट्रोल! ब्रेक कुठे धरत नाहीये आणि लॉक नसताना काय दिसतं, हे इथे कळलं. मग लॉक चालू करून चाक पुन्हा फिरवलं. लॉक लागला असता तर चाक थोडंसं हलून अडकायला हवं होतं. दुसरं चाक पुन्हा निवांत उलटं फिरलं. कॉम्प्रेसरही थांबायचं नाव घेईना. सायलेन्सरला चिकटून हवेची नळी वितळली होती. नळी बदलल्यावर चाक अडकलं, आणि बटण बंद करताच मोकळंही झालं. हे शेवटचं तपासणंही गरजेचं, कारण लॉक सुटला नाही तर डांबरी रस्त्यावर गाडी वळायला त्रास देते आणि अॅक्सलवर ताण येतो.

हीच चाचणी न्यूट्रलमध्ये केली असती तर? लॉक नसतानाही दुसरं चाक उलटं फिरेल, जागेवर राहील की थोडं सोबत ओढलं जाईल, हे घर्षणावर ठरतं. म्हणजे निकाल गोंधळाचा. गिअरमध्ये प्रोपेलर शाफ्ट धरून ठेवला जातो, म्हणून दोन शक्यता स्वच्छ वेगळ्या दिसतात.

चाकांच्या वेगात मोठा फरक पडल्यावर आपोआप लागणारे लॉकही असतात. हातानं हळू फिरवून ते लागणारच नाहीत आणि चांगला लॉक बिघडलेला वाटेल. त्यांना वेगळी चाचणी हवी. आमच्या चाचणीलाही मर्यादा आहे: लॉक लागतो हे कळलं, पूर्ण भाराखाली टिकतो का, हे नाही.

हे सगळं मला इतकं का लागलं? पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी भट्टीच्या पडद्यावरचा आकडा नमुन्याचं तापमान समजून लिहीत होतो. तो नमुन्याचा नव्हता, मी सेट केलेला आकडा होता. तीन आठवड्यांचा डेटा पाण्यात गेला.

म्हणून प्रयोगाआधी वहीत दोन ओळी लिहा: यंत्र चालू असेल तर काय दिसेल, बंद असेल तर काय दिसेल. दोन्ही ओळी सारख्याच आल्या, तर ती चाचणी नाही, नुसता दिवा आहे.