हरितगृहातली हवा (भाग ६) : पहाटेचा पडदा

गेल्या आठवड्यात दुपारची कोरडी हवा आणि तिच्यासोबत येणारा लाल कोळी पाहिला. आज पहाटेकडे येऊ. माझ्या मते गुलाबाचं खरं नुकसान सकाळच्या दोन-तीन तासांत होतं. ते डोळ्यांना दिसतं मात्र काही दिवसांनी.

मावळात डिसेंबर-जानेवारीत व्हॅलेंटाइनच्या मालाची गडबड असते. निरभ्र रात्री पॉलिहाऊसची ऊब आकाशात निघून जाते. पहाटे आत गेलात तर कागदाच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रांगा दिसतील. एक थेंब दुसऱ्याला मिळतो, जड होऊन घसरतो आणि नेमका कळीवर पडतो.

हे पाणी आलं कुठून? ते दुपारीही तिथंच होतं. ३० अंशांना एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते. दुपारी मीटरवर ५० टक्के आर्द्रता, म्हणजे हवेत १५ ग्रॅम वाफ. पण १८ अंशांची हवा १५ ग्रॅमच्या थोडंच वर पेलते. म्हणून एक थेंबही न वाढता तोच मीटर पहाटे शंभरला टेकतो. तापमान न बघता नुसता आर्द्रतेचा आकडा वहीत लिहिण्याला म्हणूनच अर्थ नाही.

खरी गोची सूर्य उगवल्यावर. हवा झपाट्याने तापते, पानं बाष्प सोडू लागतात, पण भरलेली कळी थंडच राहते. मग फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा तिला घाम फुटतो. पाकळ्यांच्या घडीत अडकलेलं हे पाणी बोट्रायटिसला पुरतं. पांढऱ्या फुलावर आधी टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी ठिपके येतात. पानांवर डाऊनीलाही अशीच ओल लागते. भुरीचं मात्र वेगळं. तिला पानावर पाणी लागत नाही, दमट हवा पुरते.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. ऊन चढायच्या आत बाजूचे पडदे थोडे खाली घ्या. “बाहेर धुकं असताना?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हो, तेव्हाही. १२ अंशांच्या धुक्याच्या हवेत जेमतेम ११ ग्रॅम वाफ असते. तीच हवा आत येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ५५ टक्क्यांवर येते. थंड हवा ओली वाटते, पण तिच्या पोटात पाणी कमी असतं. पडदा मात्र एकदम पूर्ण उघडू नका, हळूहळू उघडा. वरची खिडकी असेल तर दमट हवेला तिथून वाट मिळते.

ठिबक सकाळीच चालवा आणि फॉगर दुपारी तीननंतर बंद ठेवा. संध्याकाळी ओली राहिलेली जमीन रात्रभर हवेत पाणी सोडत राहते.

मोजायला ओला-सुका थर्मामीटर पुरेसा आहे. तो झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगा. २० अंशांच्या आसपास दोन नळ्यांत एकाच अंशाचा फरक दिसला, तर आर्द्रता नव्वदच्या वर गेली असं समजा आणि पडद्याकडे चला.

पुढच्या भागात पावसाळा. तेव्हा बाहेरची हवाच उबदार आणि भिजलेली असते, आणि ही पडद्याची युक्ती अपुरी पडते.