विश्लेषण : ‘सिस्टर सिटी’ म्हणजे काय? चंद्रपूर-गडचिरोलीला तिचा उपयोग होईल का?

गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील पर्थचे कर्टिन विद्यापीठ यांच्यात खाणकाम व तंत्रशिक्षणासाठी सहकार्य सुरू झाले आहे. सूरजागडच्या लोहखनिजामुळे चर्चेत आलेल्या या जिल्ह्यातील मुलांसाठी परदेशी शिक्षणाची नवी वाट त्यातून उघडते आहे. पण अशी देवाणघेवाण दोन विद्यापीठांपुरती न राहता दोन शहरांमध्येही होऊ शकते का? जगात त्यासाठी ‘सिस्टर सिटी’ नावाची जुनी पद्धत आहे.

सिस्टर सिटी म्हणजे काय?

वेगवेगळ्या देशांतील दोन शहरांनी दीर्घकाळ सहकार्य करण्याचा केलेला करार म्हणजे सिस्टर सिटी किंवा भगिनी शहर. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्री आणि रशियातील स्टालिनग्राड या शहरांनी १९४४ मध्ये असे नाते जोडले. अमेरिकेत १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी या कल्पनेला बळ दिले. सरकारे भांडत असली तरी सामान्य माणसे एकमेकांना भेटत राहावीत, हा त्यामागचा विचार होता.

महाराष्ट्रात असे करार कोणाचे आहेत?

मुंबईचे जपानमधील योकोहामाशी १९६५ पासून, तर जर्मनीतील स्टुटगार्टशी १९६८ पासून नाते आहे. पुण्याने १९९२ मध्ये अमेरिकेतील सॅन होजेशी करार केला. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि चीनमधील दुनहुआंग यांचा करार २०१५ मध्ये झाला. एकीकडे अजिंठा, दुसरीकडे मोगाओ, दोन्हीकडे बौद्ध लेणी. त्यामुळे ही जोडी विचारपूर्वक निवडलेली होती. मात्र २०२० मध्ये भारत-चीन थेट विमानसेवा थांबली, ती पाच वर्षांनी पूर्ववत होऊ लागली. देशांचे संबंध बिघडले की शहरांचे नातेही अडकते, ही या करारांची मर्यादा आहे.

करार कसा होतो, पैसा कोण देतो?

परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय आहे. त्यामुळे महापालिकेने सर्वसाधारण सभेत ठराव केला तरी पुढे राज्य सरकार आणि परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते. राज्यांच्या परदेशांशी संपर्कासाठी मंत्रालयाने २०१४ मध्ये स्वतंत्र विभागही सुरू केला. असा सामंजस्य करार सहसा कायद्याने बंधनकारक नसतो आणि त्यासोबत आपोआप निधी येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी गाडी शिष्टमंडळाचा दौरा, शाल-श्रीफळ आणि समूह छायाचित्र यापुढे सरकत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीचा अनुभव काय सांगतो?

या भागात शहर-करारांची वाट न पाहता मोठी आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण झाली. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचे काम सुरू केले, तेव्हा कुष्ठरोगाच्या भीतीने लोक तिकडे फिरकत नसत. १९५०च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे अनेक देशांतील स्वयंसेवक तिथे येऊन राहिले आणि बांधकामावर राबले. परदेशी तरुण कुष्ठरुग्णांसोबत काम करतात, हे पाहून आसपासच्या लोकांची भीड चेपू लागली.

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथल्या छोट्या रुग्णालयासाठी १९७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘स्विसएड’ची मदत मिळाली. दोन्ही ठिकाणी आधी काम ठरले होते, मग पाहुणे आणि मदत आली.

ज्ञान फक्त बाहेरूनच आले का?

नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातील महिलांना प्रशिक्षण देऊन घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याची त्यांची पद्धत ३९ गावांत राबवली गेली. तिथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ पासून भारतात आशा सेविकांमार्फत ही सेवा देशभर पोहोचवण्यास सुरुवात झाली. शिकायला बाल्टिमोरला गेलेल्यांनी जगाला शिकवण्यासारखे काही गडचिरोलीतून दिले.

मग शहर-कराराची गरज काय?

वरील कामे संस्थांनी आणि त्यामागच्या खमक्या माणसांनी उभी केली. महापालिकेचा अभियंता, जिल्हा परिषद शाळेची शिक्षिका किंवा आयटीआयचा विद्यार्थी यांना मात्र अशी संधी क्वचितच मिळते. कंपनीच्या मदतीने चालणारा कार्यक्रम साहजिकच उद्योगाला लागणाऱ्या कौशल्यांवर भर देईल. खाणीनंतरच्या जमिनीचे काय, हवेचे काय, हे प्रश्न नागरी संस्थेलाच विचारावे लागतील.

त्यासाठी जोडीदार कसा निवडावा, याचे एक उदाहरण पाहू. जर्मनीतील एसेन हे कोळशावर वाढलेले शहर. तिथली झोलफेराइन ही खाण १९८६ मध्ये बंद झाली. २००१ मध्ये तिच्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि २०१७ मध्ये एसेन ‘युरोपची हरित राजधानी’ ठरले. कोळसा खाणी आणि २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र असलेल्या चंद्रपूरला कोळशानंतरच्या रोजगाराबाबत तिथे बरेच काही विचारता येईल. आणि वाघांच्या शेजारी गावे कशी राहतात, हे चंद्रपूर जगाला सांगू शकेल.

करारापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

दोन्ही शहरांपुढे समान प्रश्न कोणता? दरवर्षी किती जण जाणार आणि त्यात एटापल्ली, कोरपना, जिवती या तालुक्यांतले किती? भाषेची तयारी आणि पासपोर्टचा खर्च कोण करणार? परतल्यावर त्यांनी इथे काय करायचे आणि अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद आहे का?

भूगर्भशास्त्रात भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणाऱ्या प्राचीन महाखंडाचे नाव ‘गोंडवाना’ आहे आणि ते गोंडांच्या याच मुलुखावरून पडले. नाव जगभर केव्हाच पोहोचले आहे. इथल्या मुलांनाही तिथे पोहोचवायचे, तर वरील प्रश्नांची उत्तरे करारावर सही होण्याआधी कागदावर असायला हवीत.