घुमतो तो खर्ज नव्हे!

"हा पखवाज नव्हे रे, हे तर रिकामे पिंप!" अण्णा एवढेच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी वरमलो. गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस नाशिकहून मोठ्या हौसेने मी स्पीकरची जोडी आणली होती. पेट्या कमरेइतक्या उंच, एकेकीत आठ-आठ इंचांचे दोन पडदे! अण्णांनी चांदवडच्या भजनात चाळीस वर्षे पखवाज वाजवला. आता हात थरथरतो. वाद्य खोळीत गेले. उरले ते ऐकणे. तेवढेही सुख त्यांना धड मिळू नये, याचे मला फार वाईट वाटले. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींची तक्रार आली ती निराळीच : "अहो, मांडणीवरची भांडी नाचताहेत!"

दुकानातल्या प्रशस्त दालनात हीच जोडी किती गोड वाजली होती! मग घरी येऊन बिघडले काय? मराठीच्या मास्तरावर पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडण्याची पाळी आली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण आपल्यापैकी पुष्कळांची बैठकीची खोली माझ्यासारखीच, दहा फूट बाय बारा फूट.

आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. स्वर जितका खालचा, तितकी त्याची लाट लांब. सेकंदाला ५० कंपने असलेल्या खर्जाची लाट साडेबावीस फुटांच्या घरात जाते. ज्या स्वराची अर्धी लाट दोन भिंतींमध्ये नेमकी बसते, तो स्वर खोलीत कोंडतो, भिंतीवर आपटून परततो आणि फुगतो. स्पीकर थांबला तरी तो घुमतच राहतो. आपल्या खोलीचा हा हट्टी स्वर काढणे सोपे आहे : ५६५ला खोलीच्या लांबीने, रुंदीने आणि उंचीने भागावे. बारा फुटांना ४७ कंपने आली, दहा फुटांना ५६.५. आमच्या खोलीची उंचीही दहाच फूट. म्हणजे एकाच स्वराला दोन दिशांनी आमंत्रण! आमच्या गावच्या रंगमहालाच्या चौकात हाच पखवाज असा कोंडत नाही. तेथे भिंती दूर आणि डोक्यावर आभाळ.

मग चांगला खर्ज म्हणजे काय? याचे उत्तर पखवाजातच आहे. त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. ती बेताची असली तर घाव गंभीर उमटतो आणि तळहात टेकताच थांबतो. कणीक बिघडली की सारा ठेका बिघडला. स्पीकरचेही तसेच. खर्जाची परीक्षा त्याच्या मोठेपणात नाही, वेळेवर थांबण्यात आहे.

पेट्यांचे मुख्य प्रकार दोन. एक सर्व बाजूंनी बंद. अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली 'एआर-१' हा स्पीकर बाजारात आणला, तो याच जातीचा. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी पडद्याला आवरून धरते. दुसऱ्या प्रकारात पेटीला नळीचे भोक असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते ना, तीच युक्ती. लहान पेटीतून पुष्कळ खर्ज निघतो. पण त्या नळीच्या स्वराजवळ आवाज थोडा रेंगाळतो. उत्तम घडणीची भोकाची पेटीही चांगली वाजते, नाही असे नाही. तरी लहान खोलीला बंद पेटी अधिक मानवते. तिचा खर्ज खाली हळूहळू ओसरतो आणि खोली स्वतःच त्याला टेकू देते. पडदा पाच ते साडेसहा इंचांचा पुरे. घरात भोकाचीच पेटी असेल तर नळीत स्पंजाचा बोळा किंवा धुतलेला पायमोजा कोंबून पाहावा. बहुधा फरक पडतो.

जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्यांना भुलू नये. त्यावरून खर्जाचा गुण कळत नाही. आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण दुकानात न्यावे आणि घरी ऐकून बदलून मिळेल काय, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे.

मी विचारले नव्हते. दुकानदार भला, त्याने थोडी रक्कम कापून लहान बंद पेट्या दिल्या. पण त्या ठेवायच्या कुठे? कोपऱ्यात ठेवल्या की खर्ज फुगतो. पाठ भिंतीला टेकवून बसलो की घुमारा दाट. अगदी खोलीच्या मध्यावर बसलो तर तोच स्वर जवळजवळ नाहीसा. यावर एक गमतीदार तोड आहे. स्पीकर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, पखवाजाचे मुद्रण लावावे आणि आपण भिंतीकडेने रांगत जावे. जेथे प्रत्येक घाव सारखा आणि सुटा ऐकू येईल, तेथे स्पीकर मांडावा. मी असा रांगत असतानाच एक विद्यार्थी वही दाखवायला दारात उभा राहिला! त्याने काय समज करून घेतला असेल तो असो.

सतरंजी आणि पातळ पडदे वरचे स्वर शोषतात, खर्जाला दाद देत नाहीत. कापसाच्या जाड गाद्यांची वळकटी कोपऱ्यात उभी केली, तिचा मात्र थोडा उपयोग झाला. मांडणीवरच्या भांड्यांखाली सौभाग्यवतींनी फडके घातले.

पाडव्याच्या संध्याकाळी अण्णांना भिंतीपासून दोन हात पुढे खुर्चीवर बसवले आणि तेच मुद्रण लावले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांचा थरथरता डावा हात गुडघ्यावर आला आणि समेवर अलगद टेकला.

"हं," ते म्हणाले, "आता कणीक बरोबर लागली."