२,१४,७४,८३,६४७ : दोन घरची मूळ संख्या

आपला व्ह्यूज मोजणारा काउंटर बदलावा लागल्याचं यूट्यूबनं डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केलं. 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्यानं २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ चा टप्पा गाठला होता आणि जुन्या काउंटरची धाव तिथंच संपत होती. हा आकडा म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ३२ बिटांपैकी एक अधिक-उणे चिन्हासाठी ठेवली की उरलेल्या ३१ बिटांत याहून मोठी संख्या मावत नाही. याच मर्यादेपायी १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की, जुन्या पद्धतीनं सेकंद मोजणारी संगणकांची घड्याळं उलटून थेट १९०१ सालात जातील.

संगणकाला एवढं पुरतं. ही संख्या मूळ आहे की संयुक्त, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. गणितात मात्र तिचा दबदबा फार जुना.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६४४ मध्ये २ चे कोणते घात वजा १ केले की मूळ संख्या मिळते, याची यादी छापली. तीत ६७ आणि २५७ चुकीचे होते. ६१, ८९, १०७ राहूनच गेले होते. ३१ बरोबर होता, पण सिद्धता कुठे होती? ती १७७२ मध्ये लेओनार्ड ऑयलरनं दिली. तेव्हा तो पासष्टीत होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती.

सरळ मार्गानं जायचं तर ४६,३४० पर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ऑयलरनं आधी चाळणी लावली: हिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ नं भागून बाकी १ उरली पाहिजे आणि ८ नं भागून १ किंवा ७. पहिला उमेदवार निघतो ३११. भागून पाहा, बाकी ३५. त्यापुढचा एकदम १३०३! असे शंभराच्या आतच भागाकार उरतात आणि एकही निःशेष जात नाही. माझ्या मते खरी करामत भागाकारांत नाही, ते टाळण्यात आहे.

पुढे जवळजवळ शंभर वर्षं ही सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. तिला २ च्या ३० व्या घातानं गुणलं की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तेवढीच. ६ आणि २८ यांच्याच घराण्यातली ही आठवी. याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कुणी शोधणार नाही, असं पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं १८११ मध्ये लिहिलं. असल्या संख्यांचा उपयोग काय, हा त्याचा सवाल. १८७६ मध्ये एदुआर ल्यूकानं ३९ अंकी मर्सेन मूळ संख्या सिद्ध केली आणि तिच्यामागून तिच्याहूनही मोठी परिपूर्ण संख्या आली.

यूट्यूबचा काउंटर आता ६४ बिटांचा आहे, त्याची हद्द २ चा ६३ वा घात वजा १. आकारानं अवाढव्य, पण मूळ संख्या नव्हे. ६३ ला ३ नं भाग जातो, म्हणून तिला २ चा ३ रा घात वजा १, म्हणजे ७ नं, भाग जाणारच.