मालाड ते मिरामार: ट्रायथ्लॉनबद्दलचे गैरसमज

पहाटे मार्वे रोडवर गाड्यांची वर्दळ सुरू होण्याआधी सायकलवाल्यांची रांग दिसते. मढपर्यंत जाऊन परत यायचं, आंघोळ उरकायची आणि नेहमीची लोकल गाठायची, असा त्यांचा नेम. त्यातल्या काहींनी गोव्याच्या ‘आयर्नमॅन ७०.३’साठी नाव घातलेलं असतं. घाबरतात सगळेच, पण बहुतेकांची भीती भलत्याच गोष्टीची असते.

आधी अंतराचा घोळ मिटवू. मिरामारच्या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी पहिल्यांदा झालेली ही स्पर्धा अर्ध्या अंतराची आहे: १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं. ७०.३ हा आकडा मैलांचा, आपल्या हिशेबाने एकूण ११३ किमी. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. त्याची सुरुवात १९७८ मध्ये हवाई बेटांवर झाली. तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जण शेवटपर्यंत पोचले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्याला आणि पूर्णाला एकाच मापाचे हार पडतात. पडोत बापडे, पण तयारी करणाऱ्याने फरक ओळखून असावं.

‘हे खेळाडूंचं काम, आपल्यासारख्यांचं नव्हे,’ असं कुणी म्हटलं की लगेच मिलिंद सोमणचं नाव पुढे येतं. पन्नाशीला काही महिने उरले असताना, जुलै २०१५ मध्ये, त्याने झुरिकला पूर्ण अंतर १५ तास १९ मिनिटांत पार केलं. पण तो मुळात राष्ट्रीय जलतरण विजेता, हे सांगायचं राहून जातं. त्याच्याकडे बघून हुरळू नये आणि खचूही नये. कट-ऑफची वेळ बघावी. अर्ध्या अंतराला साधारणपणे साडेआठ तास मिळतात, त्यातली पोहायला १ तास १० मिनिटं. म्हणजे २५ मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या आणि दर फेरीला सुमारे ५५ सेकंद. तलावावर नियमाने येणारे आजोबाही एखादी फेरी याहून लवकर मारतात. प्रश्न आहे तो ७६ वेळा तेच करण्याचा. सायकल ताशी २१-२२ किमीने चालवली, तर धावायला तीन तास उरतात. तेवढ्यात थोडं धावत, थोडं झपझप चालत २१ किमी होतात. चालायला नियमाची आडकाठी नाही. पोहताना फ्रीस्टाइलच हवी असंही नाही, ब्रेस्टस्ट्रोक चालतो. दम लागला तर मदतीच्या कयाकला धरून थांबताही येतं, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

तरीही पोहणं हलक्यात घेऊ नये, पण कारण वेगळं. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथ्लॉनमध्ये मृत्यू झाल्याच्या किंवा हृदय अचानक बंद पडल्याच्या १३५ घटनांची नोंद झाली. त्यातल्या ९० पोहताना घडल्या. माणसं पोहता येत नव्हतं म्हणून गेली, असा याचा अर्थ नाही. गर्दी, लाथा, धडधड आणि कधी हृदयाचा आधी लक्षात न आलेला दोष असं सगळं तिथे एकत्र येतं. चाळिशी ओलांडलेल्याने नवी सायकल घेण्याआधी डॉक्टरला दाखवावं. आणि समुद्र जवळ आहे म्हणून अक्सावर सराव करायला जाऊ नये. बुडण्याच्या घटनांसाठी तो किनारा उगाच कुप्रसिद्ध झालेला नाही. तलावात पाया पक्का करावा आणि खारं पाणी अनुभवायचं असेल तर मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेसारखी, बोटी आणि जीवरक्षक असलेली जागा निवडावी.

लोक जिथे निर्धास्त असतात, ती जागा म्हणजे पोट. ‘मुंबईचा घाम आहे, पाणी पीत राहा’ हा सल्ला निम्माच बरोबर. तासन् तास नुसतं साधं पाणी ढोसलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं ठणकतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. बघणाऱ्याला वाटतं, याला पाणी कमी पडलंय. तो आणखी पाजतो आणि प्रकरण जिवावर बेतू शकतं. म्हणून तहानेप्रमाणे प्यावं आणि सोबत मीठ असावं. खाण्याचंही तेच. सायकलवर तासाला सुमारे ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दोन केळी आणि वर साखर-मिठाच्या पाण्याचे घोट. मीठ लावलेला उकडलेला बटाटा चालतो, खजूर चालतो. चिक्की मला स्वतःला आवडते, पण धापा टाकत ती चावून बघा म्हणजे कळेल. पायांसारखं पोटही सरावाने तयार होतं. म्हणून महागडं जेल शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा फोडू नये.

लाखभराची सायकल लागते, हा समज दुकानदारांच्या पथ्यावर पडतो. ब्रेक धड असलेली, आपल्या मापाला बसवून घेतलेली रोड बाइक पुरते. हेल्मेटचं मात्र कडक: सायकलला हात लावायच्या आधी त्याचा पट्टा लागलेला हवा. पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही, १२ मीटरचं अंतर ठेवायचं. नॅशनल पार्कात घोळक्याने सायकल हाणायची सवय इथे नडते. सायकलवरून उतरल्या उतरल्या पळण्याचा सराव म्हणजे ‘ब्रिक’. तो आठवड्यातून एकदा केला नाही, तर पहिला किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत.

घरच्यांचाही एक गैरसमज असतो. मिरामारला आपण बाटली घेऊन उभं राहायचं, शेवटचे दोन किलोमीटर सोबत पळायचं, असे बेत ठरतात. नियमांत हे बसत नाही. बाहेरच्याने हातात काही दिलं किंवा सोबत धाव घेतली, तर स्पर्धकाला दंड होतो, प्रसंगी तो बादही होतो. कठड्यामागून हवं तेवढं ओरडायला मात्र मुभा आहे.