मुरमाची वाट आणि सायकलीची शर्यत

डांबरी सडक टाळून खडी, मुरूम आणि धूळ तुडवीत शेकडो किलोमीटर अंतर कापण्याच्या सायकल शर्यती गेल्या दोन दशकांत पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय झाल्या आहेत. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एम्पोरिया या लहान शहरी २००६ साली अवघ्या ३४ स्वारांनिशी सुरू झालेल्या अशा एका शर्यतीस आता हजारो स्पर्धक येतात. तिचे मुख्य अंतर सुमारे ३२२ किलोमीटर आहे. कॅनडातील बान्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारी ‘टूर डिव्हाइड’ तर चार हजार किलोमीटरहूनही लांब आहे. तीत स्वाराच्या मागे मदतीची मोटार नसते. अंथरूण, पाणी, दुरुस्तीची हत्यारे त्याने स्वतःच वाहायची असतात.

असे धाडस विदर्भाला सर्वस्वी परके नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने सायकल चालवून बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच्याही आधी, डिसेंबर १९८५ मध्ये, वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे बाबा आमटे ‘भारत जोडो’ अभियानासाठी कन्याकुमारीहून निघाले, तेव्हा त्यांच्यासोबतचे तरुण-तरुणी सायकलींवरच होते. ती शर्यत नव्हती; पण चाकाला हेतू जोडला की अंतराला वेगळा अर्थ येतो, हे तिने दाखविले.

मग मूल, चामोर्शी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागड या वनप्रदेशात अशी शर्यत का भरू नये, असा प्रश्न सहज सुचतो. त्याचे उत्तर मात्र सहज नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीचा निकाल बहुधा रात्रीच्या वाटचालीवर लागतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यात वाघांचा वावर ताडोब्याच्या सीमेत मावत नाही. सरपणाला वा मोहफुले वेचायला गेलेली माणसे येथे जीव गमावतात. तेव्हा शर्यत भरवायचीच तर ती टप्प्याटप्प्याने, दिवसाउजेडी आणि हिवाळ्यात, धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर भरवावी लागेल. मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात तर तिचे नावही नको.

दुसरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. पाहुणे येतात, खर्च करतात. त्यातला किती पैसा गावात थांबतो? मुक्काम, भोजन, वाटाडे, दुरुस्ती ही सारी कामे शहरातील कंत्राटदाराकडे गेली, तर गावाच्या वाट्याला धूळच यायची. गडचिरोलीपुरता यावर मार्ग आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने आपल्या बांबूची विक्री स्वतः केली. ज्या ग्रामसभांना बांबूचा व्यवहार सांभाळता येतो, त्यांना शर्यतीचे यजमानपद जड जाऊ नये. परवानगी त्यांची, शुल्क त्यांचे आणि नकाराचा अधिकारही त्यांचाच. यजमानांचा मान राखणे म्हणजे काय, हे एम्पोरियालाही उशिरा उमगले. शर्यतीच्या जुन्या नावात तेथील मूलनिवासी जमातीच्या नावाचा अवमान होतो, अशी टीका झाल्यावर २०२० साली ते नाव बदलावे लागले.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसराच आहे. मुरमाची वाट खेळाडूला हौसेची वाटते. खाटेवर घालून रुग्ण नेणाऱ्यांसाठी ती हौस नव्हे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यामागून पावसाळे तुटत आला आहे. तेव्हा खडतर वाटांचे कौतुक करताना पक्का रस्ता आणि पूल यांची निकड कोणी विसरू नये. उद्या वाट डांबरी झाली, तर शर्यतीने दुसरी वाट शोधावी. रुग्णवाहिकेने थांबू नये.

या अटी पाळल्या जाणार असतील, तर शर्यतीचे स्वागतच करावे. मात्र प्रारंभरेषेवर केवळ महानगरांतील महागड्या सायकली असू नयेत. शाळेसाठी रोज सायकल हाणणाऱ्या येथील मुलामुलींना त्या मापाची सायकल, शिक्षक आणि सराव मिळाला, तर या वाटांवर त्यांना हरविणे पाहुण्यांना सोपे जाणार नाही.