आग रोखणारी रसायनं आणि पिल्लांचा मेंदू

महापे एमआयडीसीतल्या कार्यालयांतून जुने मॉनिटर भंगारात निघतात, तेव्हा एखाद्याचं मागचं कॅबिनेट उलटं करून पाहावं. आतल्या बाजूला बऱ्याचदा ‘एबीएस-एफआर’ अशी अक्षरं उमटवलेली दिसतात. ‘एफआर’ ही आग रोखणारं रसायन मिसळल्याची खूण. जुन्या मालात ते बहुतेक वेळा ब्रोमीनचं संयुग असतं.

‘मिसळलंय ना, मग प्लास्टिकमध्येच राहील,’ असं सर्रास समजलं जातं. पण ब्रोमीनच्या संयुगांपैकी पीबीडीई गटातली संयुगं प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पडतात आणि खोलीतल्या धुळीत बसतात. पाळीव मांजरं अंग चाटून साफ करतात, त्यामुळे ही धूळ त्यांच्या पोटात जाते. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांना मांजरांच्या रक्तात पीबीडीईचं प्रमाण माणसांपेक्षा खूप जास्त आढळलं. थायरॉइडच्या आजाराशी त्याचा संबंध असावा, अशी शंका तेव्हापासून आहे. ते कारण सिद्ध मात्र झालेलं नाही. उलट सर्किट बोर्डातलं टीबीबीपीए हे दुसरं ब्रोमीनयुक्त अग्निरोधक बहुतांशी रेझिनशी जोडलेलं असतं, म्हणून ते कमी सुटतं. सगळी अग्निरोधकं सारखीच, हेही खरं नाही.

सर्वांत घातक गैरसमज प्रमाणाबद्दलचा आहे: थोडंसं पोटात गेलं तर काय होतं? याचं उत्तर थायरॉक्सिन या संप्रेरकात आहे. त्याच्या रेणूत दोन कडी ऑक्सिजनने जोडलेली असतात आणि त्यांवर आयोडीन असतं. पीबीडीईची रचनाही तशीच, फक्त आयोडीनच्या जागी ब्रोमीन. शरीरात पीबीडीईपासून बनणारे काही रेणू थायरॉक्सिन वाहून नेणाऱ्या प्रथिनावर जागा अडवतात. शिवाय यकृत थायरॉक्सिन अधिक वेगानं बाहेर टाकू लागतं. मेंदूच्या पेशी योग्य जागी जाण्यासाठी आणि एकमेकींशी जोडल्या जाण्यासाठी याच संप्रेरकाची गरज असते, म्हणून केवळ प्रमाणालाच नाही, वेळेलाही महत्त्व येतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात पेर एरिक्सन यांनी उंदरांच्या पिल्लांना या गटातल्या पीबीडीई-९९ चा एकच डोस दिला. नवख्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर आधी धावाधाव करतो आणि मग शांत होतो. डोस घेतलेली पिल्लं मोठेपणी सुरुवातीला मंद असायची, नंतर मात्र थांबायचीच नाहीत. वयाबरोबर हा दोष वाढत गेला. जन्मानंतर तिसऱ्या किंवा दहाव्या दिवशी डोस दिल्यावर हे घडलं, एकोणिसाव्या दिवशी दिल्यावर नाही.

‘उंदरांचं माणसाला कशाला?’ असंही विचारलं जातं. बेडकाच्या पिल्लाची शेपूट ज्या थायरॉक्सिनमुळे जाते, तेच थायरॉक्सिन गर्भातल्या बाळाच्या मेंदूलाही लागतं. डोस आणि परिणाम यांचं गणित प्राण्यागणिक बदलतं, पण संप्रेरक एकच आहे.

बंदी आली म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात पीबीडीई गटातली काही संयुगं २००९ मध्ये आली, त्यांतलंच डेकाबीडीई २०१७ मध्ये. भारताच्या ई-कचरा नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक मालात पीबीडीई ०.१ टक्क्याच्या आत हवं. पण जुना माल अजून घराघरांत आहे. तांब्यासाठी अशी रसायनं असलेल्या वायरी उघड्यावर जाळल्या की ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन तयार होतात. म्हणून जुना मॉनिटर नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायला हवा. नव्या पर्यायांचीही तपासणी व्हायला हवी. ‘फायरमास्टर ५५०’ हे मिश्रण पीबीडीईला पर्याय म्हणून फोममध्ये आलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ते गाभण आणि दूध पाजणाऱ्या उंदरिणींना दिलं, तेव्हा त्यांच्या मादी पिल्लांचं वजन वाढलं आणि ती लवकर वयात आली.